मोडीतला फ्रिज आणि त्यातला वायू : नियमांची पार्श्वभूमी

घरगुती उपकरणांतील घातक द्रव्यांचा प्रश्न भारतात दोन निरनिराळ्या वाटांनी कायद्यात आला, आणि या वाटा जिथे एकमेकींना मिळायला हव्या होत्या ती वस्तू म्हणजे फ्रिज. पहिली वाट ओझोनची. ओझोन थराच्या रक्षणासाठीच्या मॉन्ट्रिअल कराराचा भारत १९९२ मध्ये पक्षकार झाला, २००० मध्ये ओझोन-क्षयकारी द्रव्यांचे नियम आले आणि २०१० च्या आरंभी, दमेकऱ्यांच्या फवाऱ्यांसारखे अपवाद वगळता, ओझोन थर विरळ करणाऱ्या सीएफसी (क्लोरोफ्लुरोकार्बन) वायूंचा अध्याय संपला. या सगळ्याचा रोख मुख्यतः वायू तयार करणे, आयात करणे आणि विकणे यांवर होता. जो वायू आधीच घरोघरच्या फ्रिजांत बंद होता, त्याच्याकडे तेव्हा फारसे कुणी पाहिले नाही.

दुसरी वाट ई-कचऱ्याची. २०११ चे नियम १ मे २०१२ पासून लागू झाले आणि त्यांत फ्रिज, धुलाई यंत्र, टीव्ही व वातानुकूलक यांचाही समावेश होता. परंतु नव्या उपकरणांत ज्यांच्या प्रमाणावर मर्यादा घातली गेली ती द्रव्ये सहाच : शिसे, पारा, कॅडमियम, षट्संयुजी क्रोमियम आणि ज्वालारोधक म्हणून वापरले जाणारे ब्रोमीनयुक्त संयुगांचे दोन गट. युरोपच्या धर्तीवरची ही यादी संगणकासाठी योग्यच होती, पण फ्रिजचा सर्वांत उपद्रवी घटक असलेला शीतक, म्हणजे नळ्यांतून फिरून थंडावा आणणारा वायू, तिच्यात नव्हता. मोडतोडीपूर्वी वायू काढून घ्यावा, एवढे मार्गदर्शक सूचनांत म्हटले होते; मात्र तो काढला की नाही, हे तपासण्याची सोय प्रत्यक्षात जवळजवळ नव्हती.

प्रत्यक्षात काय घडते, ते कुर्ल्याच्या किंवा दिल्लीतील सीलमपूरच्या भंगारबाजारात दिसते. फ्रिज आला की प्रथम कॉम्प्रेसर सुटा होतो, कारण वजनाला भाव त्याचाच. पक्कडीने तांब्याची नळी तोडली जाते आणि शंभर-दीडशे ग्रॅम वायू पाहता पाहता हवेत जातो. जुन्या फ्रिजमधील सीएफसी-१२ शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दहा हजार पट तापमानवाढ करतो, म्हणजे त्या एका तुटलेल्या नळीचा भार टनभर कार्बन डायऑक्साइडइतका होतो. काही वायू कॉम्प्रेसरच्या तेलात विरघळून राहतो. पुढे गॅस कटरची ज्योत त्याला लागली तर हायड्रोजन क्लोराइड, हायड्रोजन फ्लोराइड आणि थोडा फॉस्जीन हा विषारी वायूही तयार होतो, आणि तो श्वासात घेणाऱ्या कामगाराच्या तोंडावर बहुधा रुमालापलीकडे काही नसते. शेवटी उरतो तो भिंतींमधला पफ, म्हणजे उष्णता रोखणारा फेस. त्या काळच्या फ्रिजमध्ये नळ्यांतल्यापेक्षा अधिक सीएफसी या फेसात अडकलेला असतो. युरोपातील चांगल्या कारखान्यांत हा फेस बंद कक्षात दळून त्यातला वायू पकडतात; आपल्याकडे तो कचऱ्यात जातो किंवा जाळला जातो.

या पार्श्वभूमीवर २०२२ च्या ई-कचरा नियमांनी घेतलेला एक निर्णय अजूनही वादाचा आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या या नियमांनी वस्तूंची यादी १०६ वर नेली आणि उत्पादकांना वजनाधारित लक्ष्ये दिली : पहिली दोन वर्षे ६० टक्के, पुढे ७० आणि मग ८० टक्के. लक्ष्य पुरे झाल्याचा पुरावा म्हणजे पुनर्चक्रण करणाऱ्याकडून विकत घेतलेले प्रमाणपत्र, आणि ते मिळते सोने, तांबे, लोखंड व ॲल्युमिनियम या चार धातूंच्या हिशेबाने. त्याच वेळी सुट्या भागांत मोडणी करणाऱ्यांचा स्वतंत्र नोंदणी-वर्ग गाळण्यात आला. साखळी सुटसुटीत करण्यासाठी हे केले, असे समर्थन झाले, आणि कागदी व्यवहार पाहता त्यात तथ्यही आहे. परंतु वायू सुटतो तो नेमका मोडणीच्या टप्प्यावर. तो टप्पा नोंदणीतून वगळायचा आणि बक्षीस धातूला द्यायचे, म्हणजे वायू जपणाऱ्याला खर्च तेवढा वाट्याला येणार. वायू सोडून दिलेल्या फ्रिजचे तांबे प्रमाणपत्रासाठी तितकेच ग्राह्य ठरते. जुलै २०२३ च्या दुरुस्तीने शीतकांच्या सुरक्षित व उत्तरदायी व्यवस्थापनाची तरतूद नियमांत घातली, यातच मूळ नियमांत काय सुटले होते त्याची कबुली आहे.

त्यानंतरचा वाद पैशांचा. प्रमाणपत्रांचे दर पडू नयेत म्हणून २०२४ मध्ये सरकारने किमान दर ठरवला. घरगुती उपकरणांच्या गटासाठी तो किलोमागे २२ रुपये आहे. काही मोठ्या उत्पादकांनी त्याला उच्च न्यायालयात आव्हान दिले. दरात सरकारने पडू नये, हा त्यांचा मुद्दा ऐकून घेण्यासारखा असला, तरी वायू ओढून घेणारे यंत्र, टाकी आणि पुढे तो नष्ट करण्याचा खर्च यांची तजवीज कुठल्या दरात होते, ही बाजू त्या चर्चेत मागेच पडली.

दरम्यान भंगारात येणारा फ्रिजही बदलतो आहे. एका भारतीय उत्पादकाने २००१ च्या सुमारास शीतक म्हणून आयसोब्युटेन हा वायू वापरायला सुरुवात केली आणि आता नव्या घरगुती फ्रिजांत तो सर्रास आढळतो. ओझोनला त्याची झळ नाही आणि तापमानवाढीतला त्याचा वाटा नगण्य आहे. मात्र तो ज्वलनशील आहे. जुने आणि नवे फ्रिज एकाच गाळ्यात, एकाच गॅस कटरखाली येतात, आणि आत कोणता वायू आहे हे सांगणारी कॉम्प्रेसरवरची चिठ्ठी तोवर बहुतेकदा गंजलेली किंवा सोललेली असते.