शनिवारी दुपारी चार वाजता, बाझलमध्ये

शनिवारी लिव्हरपूलमध्ये दुपारचे तीन वाजतात तेव्हा स्वित्झर्लंडमधल्या बाझलमध्ये चार वाजलेले असतात. लिव्हरपूल क्लबच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर चेंडू सरकतो आणि तो मला राइनच्या काठच्या घरात बसून थेट दिसतो. अ‍ॅनफिल्डच्या मागच्या गल्लीत राहणाऱ्या, तिकीट न मिळालेल्या माणसाला मात्र तोच सामना टीव्हीवर पाहता येत नाही. हजारभर किलोमीटरवर बसलेल्या मला दिसतो, त्याला फक्त मैदानातून उठलेला आवाज ऐकू येतो.

या विचित्र परिस्थितीचे मूळ १९६०च्या दशकात आहे. बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी तेव्हा इतर क्लबांच्या अध्यक्षांना पटवून दिले की शनिवारी दुपारी बड्या संघांचे सामने घरबसल्या दिसू लागले, तर छोट्या क्लबांच्या मैदानाकडे कोणी फिरकणार नाही. तेव्हापासून शनिवारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत ब्रिटनमध्ये फुटबॉलचे थेट प्रक्षेपण होत नाही. स्वित्झर्लंडमध्ये अशी बंदी नाही. त्या नियमाचा फायदा मलाच होतो, तरीही तो टिकावा असे मला मनापासून वाटते. मर्सी नदीच्या पलीकडे बर्कनहेडमध्ये ट्रॅनमियर रोव्हर्स नावाचा जुना क्लब आहे. अशा क्लबांना दारावरच्या तिकिटांचाच आधार असतो.

स्वित्झर्लंडमध्ये राहून इंग्लिश क्लबवर जीव लावणे म्हणजे परक्या गोष्टीचा नाद, असे इथे नवीन आलेल्याला वाटते. मलाही वाटले होते. पण इथला फुटबॉलच मुळात इंग्रजांनी आणलेला आहे. एकोणिसाव्या शतकात जिनेव्हा सरोवराच्या काठावरच्या निवासी शाळांमध्ये इंग्रज मुले शिकायला येत, झ्युरिकच्या तंत्रशिक्षण संस्थांत इंग्रज विद्यार्थी असत, आणि त्यांच्या सामानात चेंडू असे. लोझानमध्ये १८६० साली फुटबॉल आणि क्रिकेटचा क्लब निघाल्याचे सांगतात. सेंट गालनचा क्लब १८७९चा, आज चालू असलेल्या स्विस क्लबांत सर्वांत जुना. झ्युरिकचा ग्रासहॉपर क्लब टॉम ग्रिफिथ या इंग्रज विद्यार्थ्याने १८८६ साली काढला आणि त्याला निळा-पांढरा रंग दिला तो ब्लॅकबर्न रोव्हर्सचा. लिव्हरपूल क्लब तेव्हा जन्मालाही आला नव्हता. तो १८९२चा. भाड्यावरून भांडण होऊन आधी तिथे खेळणारा एव्हर्टन क्लब अ‍ॅनफिल्ड सोडून गेला आणि रिकाम्या मैदानाचे करायचे काय म्हणून मैदानाचे मालक जॉन हाउल्डिंग यांनी नवा संघ उभा केला. २०२५पर्यंत एकाच बागेच्या दोन बाजूंना हे दोन क्लब होते, आणि घराघरात वाटणी. मी कोल्हापूरचा असल्यामुळे हे मला कोणी समजावून सांगावे लागले नाही. पाटाकडील आणि दिलबहारचा सामना शाहू स्टेडियममध्ये असतो तेव्हा एकाच घरातले दोन भाऊ वेगवेगळ्या बाजूंना बसतात.

इथल्या क्लबांची नावेही पाहण्यासारखी आहेत. यंग बॉइज, ओल्ड बॉइज, यंग फेलोज, ब्लू स्टार्स. बर्नच्या शाळकरी पोरांनी १८९८ साली संघ काढला, तेव्हा बाझलच्या ‘ओल्ड बॉइज’ला उत्तर म्हणून ‘यंग बॉइज’ हे नाव घेतले. जर्मनीत पुढे खेळातले इंग्रजी शब्द काढून जर्मन शब्द रुजवण्यात आले. स्विस लोकांनी ते केले नाही. इथे आजही पेनल्टी, कॉर्नर, ऑफसाइड असेच म्हणतात. फुटबॉल खेळण्याला स्विस-जर्मन बोलीत ‘चुटे’ म्हणतात, ते इंग्रजी ‘शूट’वरून आले. आणि गोलरक्षकाला म्हणतात ‘गोली’. पहिल्यांदा बागेत पोरांच्या तोंडून हा शब्द ऐकला तेव्हा मी थबकलोच, कारण आमच्या गल्लीतही ‘गोली कोण?’ असाच पहिला प्रश्न असायचा.

टीव्हीचा प्रवाह मात्र सुरुवातीला उलट दिशेने वाहिला. १९५४चा विश्वचषक स्वित्झर्लंडमध्ये झाला आणि टीव्हीवर थेट दिसलेला तो पहिला विश्वचषक. युरोपातल्या देशांना जोडणाऱ्या युरोव्हिजन जाळ्याची ती सुरुवातीची मोठी कामगिरी होती. इंग्लंडने बर्नमध्ये यजमान स्वित्झर्लंडला २-० असे हरवले आणि बाझलमध्ये उपांत्यपूर्व फेरीत उरुग्वेकडून ४-२ असा मार खाल्ला. इंग्लंडमधल्या क्लब फुटबॉलचे टीव्हीवरचे बस्तान त्यानंतर बसले. ‘मॅच ऑफ द डे’ हा बीबीसीचा कार्यक्रम २२ ऑगस्ट १९६४ रोजी सुरू झाला तो अ‍ॅनफिल्डवरूनच. लिव्हरपूल ३, आर्सेनल २. तो कार्यक्रम आज स्विस घरात बीबीसी वनवर दिसतो, कारण इथल्या केबल आणि इंटरनेट टीव्हीवाल्यांच्या यादीत शेजारी देशांच्या वाहिन्यांसोबत ब्रिटिश वाहिन्याही असतात. त्याआधीच्या पिढीतल्या चाहत्यांना रेडिओची खरखर, एक दिवस शिळी इंग्रजी वर्तमानपत्रे आणि स्टेशनवरचा कियोस्क यांवर भागवावे लागे.

क्लब स्वतः इथे येऊन खेळू लागले ते युरोपियन चषकामुळे. १९५८ साली म्युनिकच्या विमान अपघातात मँचेस्टर युनायटेडचा संघ उद्ध्वस्त झाला. त्यानंतर युएफा या युरोपीय फुटबॉल संघटनेने सहानुभूती म्हणून त्यांना पुढच्या हंगामात बोलावले आणि पहिल्याच फेरीत त्यांची गाठ यंग बॉइजशी पडायची होती. इंग्लिश लीगने आक्षेप घेतला, युनायटेडला माघार घ्यावी लागली, आणि पुढे सरकलेला यंग बॉइज थेट उपांत्य फेरीपर्यंत गेला. दोन्ही संघ मग मैत्रीपूर्ण सामने तेवढे खेळले.

लिव्हरपूलच्या इतिहासातले स्विस पान १९७७चे आहे. युरोपियन चषकाच्या उपांत्य फेरीत समोर एफसी झ्युरिक. लेत्सिग्रुंड मैदानावर झ्युरिकने पेनल्टीवर पहिला गोल केला, पण लिव्हरपूलने सामना ३-१ असा जिंकला. त्यातले दोन गोल उजव्या बगलेचा बचावपटू फिल नील याचे. परतीचा सामना अ‍ॅनफिल्डवर ३-० असा संपला आणि पुढच्याच महिन्यात लिव्हरपूलने रोममध्ये आपला पहिला युरोपियन चषक उचलला. रोमची आठवण सगळे काढतात. त्या वाटेवरचा शेवटचा थांबा झ्युरिक होता, हे सहसा कुणी बोलत नाही.

नंतरची वर्षे वाईट होती. १९८१ च्या मे महिन्यात इंग्लंडचा राष्ट्रीय संघ बाझलमध्ये २-१ असा हरला आणि इंग्लिश प्रेक्षकांनी स्टेडियममध्ये हाणामारी केली. १९८५ साली ब्रसेल्सच्या हेजेल स्टेडियममध्ये लिव्हरपूल आणि युव्हेंटसच्या अंतिम सामन्यापूर्वी ३९ माणसे मेली आणि इंग्लिश क्लबांना युरोपची दारे पाच वर्षे बंद झाली, लिव्हरपूलला सहा. १९८९ साली शेफील्डच्या हिल्सबरो स्टेडियममध्ये लिव्हरपूलचे चाहते चेंगरले, त्यातले ९७ जण गेले. या क्लबवर प्रेम करणाऱ्याने या दोन्ही गोष्टी सोबत वागवायच्या असतात. एकीत आपल्या माणसांचा दोष होता, दुसरीत आपल्या माणसांवरच खोटा ठपका ठेवून अन्याय झाला, आणि तो अन्याय होता हे अधिकृतपणे मान्य व्हायला सत्तावीस वर्षे गेली.

१९९२ साली प्रीमियर लीग सुरू झाली आणि त्याच वर्षी रॉय हॉजसन नावाचा इंग्रज प्रशिक्षक स्विस राष्ट्रीय संघाला मिळाला. त्याने हा संघ १९९४च्या विश्वचषकात नेला, १९६६ नंतर पहिल्यांदा. (पुढे तो काही महिने लिव्हरपूलचाही प्रशिक्षक होता, पण त्या हंगामाची आठवण नको.) त्याच्या संघातला मार्क होटिगर १९९४ साली न्यूकॅसलला गेला आणि स्विस खेळाडूंची इंग्लंडला रीघ लागली. फ्रीबूर्ग कँटनचा स्टेफान आँशो १९९७ साली ब्लॅकबर्नला गेला. ज्या क्लबचे रंग ग्रिफिथने झ्युरिकला आणले होते, तोच हा क्लब. दोन वर्षांनी आँशो लिव्हरपूलला आला आणि सामी हिपियासोबत त्याने बचावाची भिंत उभी केली. २००१ साली लिव्हरपूलने एकाच हंगामात तीन चषक जिंकले ते या जोडीच्या जोरावर. कार्डिफच्या एफए कप अंतिम सामन्यात आँशोच्या हाताला लागून गोलरेषेवर चेंडू अडला आणि पंचांना ते दिसले नाही. आर्सेनलचे चाहते अजून ते विसरलेले नाहीत, आणि त्यांची बाजू खरी आहे.

आता बाझलकडे येतो, कारण माझ्या शहराचे आणि माझ्या क्लबचे नाते सरळ नाही.

१२ नोव्हेंबर २००२. चॅम्पियन्स लीगच्या गटातला शेवटचा सामना, सांक्ट याकोब पार्क. या मैदानाला इथले लोक लाडाने ‘योगेली’ म्हणतात. लिव्हरपूलला विजय हवा होता, बाझलला बरोबरी पुरत होती. बाझलचा प्रशिक्षक ख्रिस्टियान ग्रोस हा काही वर्षांपूर्वी टॉटनहॅममध्ये इंग्लिश वृत्तपत्रांच्या चेष्टेचा विषय झालेला माणूस. दुसऱ्याच मिनिटाला रोसी, मग हिमेनेझ, मग अ‍ॅतूबा. एकोणतीस मिनिटांत बाझल ३-० असा पुढे. दुसऱ्या अर्ध्यात लिव्हरपूलच्या मर्फीने एक गोल फेडला, तीन मिनिटांनी श्मित्सरने दुसरा, आणि पंच्याऐंशीव्या मिनिटाला ओवेनची पेनल्टी गोलरक्षकाने अडवली पण परत आलेला चेंडू ओवेननेच आत घातला. ३-३. तेवढ्याने लिव्हरपूलचे भागले नाही, ते स्पर्धेबाहेर पडले आणि बाझल पुढे गेला.

यातले काहीही मला तेव्हा ठाऊक नव्हते. मी लिव्हरपूलचा झालो तो अडीच वर्षांनी, २००५च्या मे महिन्यात, इस्तंबूलच्या अंतिम सामन्याच्या रात्री. भारतात मध्यरात्रीनंतर सव्वाबाराला सामना सुरू झाला. आवाज बंद ठेवून टीव्ही पाहत होतो, कारण शेजारच्या खोलीत वडील झोपले होते. मिलानने मध्यंतरापर्यंत ३-० केले, लिव्हरपूलने सहा मिनिटांत ३-३ केले, आणि पेनल्ट्यांवर चषक नेला. त्या तीन गोलांतला दुसरा गोल करणारा तोच श्मित्सर. बाझलला नोकरीसाठी आल्यावर ही गोष्ट मी मोठ्या उत्साहाने इथल्या एका सहकाऱ्याला सांगायला गेलो. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘त्याची तालीम आमच्याकडे झाली होती. मी होतो तिथे.’

बाझलने हा प्रकार पुन्हा केला. २०१४ साली योगेलीत १-० असे हरवले आणि डिसेंबरमध्ये अ‍ॅनफिल्डवर १-१ बरोबरी साधून लिव्हरपूलला गटातूनच घरी पाठवले. मग १८ मे २०१६ला युरोपा लीगचा अंतिम सामना याच मैदानावर आला आणि त्यात लिव्हरपूल होते. प्रशिक्षक युर्गन क्लोपचा पहिला हंगाम, समोर सेव्हिया. मैदान लहान, दोन्ही क्लबांच्या वाट्याला दहा हजारांच्या आसपास तिकिटे. तिकीट नसलेले लोकही लिव्हरपूलहून आले. चौदा नंबरच्या ट्राममध्ये, जिच्यात मी रोज मान खाली घालून बसतो, त्या दिवशी अ‍ॅनफिल्डची गाणी चालू होती आणि मला ती शब्दन् शब्द येत होती. लिव्हरपूलच्या स्टरिजने डाव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने मारलेला गोल त्या मैदानाने पाहिलेल्या सुंदर गोलांपैकी एक असेल. दुसऱ्या अर्ध्यात सगळे विस्कटले आणि सेव्हियाने ३-१ असा सामना जिंकला. लीगमध्ये आठवे आल्यामुळे पुढच्या हंगामात युरोपही नव्हते. ज्या शहरात मी भाडे भरतो, त्याच शहरात माझा क्लब हरला होता. घरी चालत गेलो, ट्रामने गेलो नाही.

तीन वर्षांनी भरपाई झाली, आणि तीही स्विस पायांनी. बाझलजवळच्या आउग्स्टमध्ये वाढलेला झेर्दान शाकिरी २०१८ साली लिव्हरपूलला आला. ७ मे २०१९ रोजी चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत बार्सिलोनाविरुद्ध पहिल्या सामन्यातली ३-० पिछाडी फेडायची होती आणि सलाह, फर्मिनो दोघेही जखमी. शाकिरीने डावीकडून उचललेला चेंडू वाइनाल्डमने डोक्याने आत घातला आणि दोन्ही सामन्यांचे मिळून गोल ३-३ झाले. ४-० असा तो सामना संपला. बार्सिलोना हा क्लब १८९९ साली काढणारा जुआन गाम्पर मूळचा हान्स गाम्पर, जन्म विंटरथुरचा, एफसी झ्युरिकच्या संस्थापकांपैकी एक आणि काही काळ बाझलचा खेळाडू. एका स्विस माणसाच्या क्लबला दुसऱ्या स्विस माणसाने अ‍ॅनफिल्डवर अडचणीत आणले, हे माझ्या त्या सहकाऱ्याला फार आवडले. त्या रात्री त्याने पहिल्यांदा माझ्या बाजूने टाळी वाजवली.

अंतर आता कमी आहे. स्वस्त विमानांनी ते कमी केले. ईझीजेटने १९९०च्या दशकाच्या अखेरीस जिनेव्हात स्विस कंपनी उभी केली आणि जिनेव्हाहून लिव्हरपूलला थेट विमान जाते. स्विस पारपत्र असलेल्या माणसाला २०२५पासून ऑनलाइन प्रवासपरवानगी काढावी लागते, ती काही मिनिटांची गोष्ट. भारतीय पारपत्रावर इथे राहणाऱ्या आमच्यासारख्यांचे तसे नाही. स्विस रहिवासी परवान्यावर पॅरिस, मिलान, माद्रिद कुठेही जाता येते, पण ब्रिटन शेंगेन या सामायिक व्हिसाच्या गटात कधीच नव्हते, त्यामुळे दीड-दोन तासांच्या विमानप्रवासासाठी बँकेचे कागद, नोकरीचे पत्र आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात. सभासदांसाठीची तिकिटे सोडतीने मिळतात. सोडत लागेल तेव्हा व्हिसा नसतो, व्हिसा असतो तेव्हा सोडत लागत नाही. म्हणून इथले मराठी चाहते एकमेकांना एकच सांगतात: पैसे जास्त गेले तरी चालतील, सहा महिन्यांचा घेऊ नकोस, दोन वर्षांचाच घे.