ट्रॅक्टरवाली पाचची नोट आणि लाखोंचा भाव

ट्रॅक्टरवाल्या पाचच्या नोटेला लाखो रुपये मिळतात, वैष्णोदेवीच्या नाण्यालाही तसंच, असे मेसेज वर्षानुवर्षं फिरताहेत. कसले लाख! या नोटा-नाणी चलनासाठीच काढलेली, घरोघरी सापडणारी. ‘रिझर्व्ह बँकेचं कमिशन’ म्हणून कुणी आधी पैसे मागितले, तर तो भामटाच. असे व्यवहार आपण करत नाही, कुणाला नेमलेलंही नाही, हे बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय.

खरंच विकायचंय? मग नाणं चिंचेनं घासू नका. चकाकी येते, किंमत जाते. दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो टाका. साल, त्याखालची टांकसाळीची खूण (हिरा मुंबईचा, तारा हैदराबादचा) आणि आपला भाव लिहा. ‘बोला, किती देता?’ म्हणणाऱ्याकडे जाणकार सहसा फिरकत नाहीत.