सर्च कन्सोलमधलं ‘प्रिफर्ड डोमेन’ गेलं कुठं? थोडी पार्श्वभूमी

जुने लेख वाचून लोक अजूनही सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटच्या मालकांसाठी गूगलने दिलेल्या फुकट टूलमध्ये, ‘प्रिफर्ड डोमेन’ नावाचं सेटिंग शोधत बसतात आणि ते काही सापडत नाही, कारण गूगलने ते जून २०१९ मध्येच काढून टाकलंय. सर्चमध्ये आपल्या साइटचा पत्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून दिसावा की त्याशिवाय, हे तिथं एका क्लिकमध्ये सांगता यायचं. आता नुसतं सांगून भागत नाही, साइटनेच ते वागण्यातून दाखवावं लागतं. असं का झालं ते कळायला बरंच मागं जावं लागेल, कारण मूळ भानगड गूगलच्या जन्माच्याही आधीची आहे.

डीएनएस, म्हणजे इंटरनेटवरच्या मशीन्सना नावानं शोधायची व्यवस्था, पॉल मोकापेट्रिसने १९८३ मध्ये मांडली तेव्हा वेब नव्हतंच. एका संस्थेच्या नावाखाली वेगवेगळी मशीन्स असायची आणि बऱ्याचदा जे मशीन ज्या कामाचं तेच नाव त्याच्या पुढं लागायचं, मेलचं असेल तर मेल, फाइल्सचं असेल तर एफटीपी. नंतर वेब आलं, वेबच्या मशीनला डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू म्हणायची पद्धत पडली, बस इतकंच. सक्ती कुणाचीच नव्हती. वेबचा जनक टिम बर्नर्स-लीने सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत सुरू केलेली पहिली साइट तर इन्फो डॉट सर्न डॉट सीएच या पत्त्यावर होती, तिच्यात डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू नव्हतंच! पण पद्धत अशी रुजली की पुढं कित्येक वर्षं लोकांना त्याशिवाय पत्ता पत्ता वाटायचाच नाही.

मग उलटं सुरू झालं. टाइप करायला लांबलचक म्हणून लोक ते गाळायला लागले, आणि कुणाला एरर दिसू नये म्हणून होस्टिंगवाल्यांनी दोन्ही नावं एकाच सर्व्हरवर वळवून ठेवली. माणसाच्या दृष्टीनं प्रश्नच मिटला, काहीही टाका, तेच पान उघडतं. मशीनच्या दृष्टीनं मात्र ती दोन वेगळी होस्टनेम्स, म्हणजे सर्व्हरची नावं, आहेत आणि त्यांच्यावर दोन संपूर्ण वेगळ्या साइट्स असू शकतात, काही ठिकाणी खरोखर असायच्याही. त्यामुळे सर्च इंजिनला आपल्या मनानं ‘हे दोन्ही एकच’ असं धरून चालता येत नव्हतं. त्यात परत होमपेज नुसत्या डोमेनवरही उघडणार आणि शेवटी इंडेक्स डॉट एचटीएमएल लावलं तरी उघडणार, कुठं पत्त्याला सेशन आयडीची (भेट देणाऱ्याला ओळखायच्या आकड्याची) शेपटी, म्हणजे एकाच पानाचे पाच-सात पत्ते सहज व्हायचे.

लॅरी पेज आणि सर्गे ब्रिनचं गूगल १९९८ मध्ये आलं आणि त्यांच्या पेजरँकचा सगळा भर लिंक्सवर, कोण कुणाला लिंक देतंय यावरून पानाचं वजन ठरणार. इथं ही दोन नावांची गोष्ट अंगाशी यायला लागली. निम्म्या लोकांनी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूवाल्या पत्त्याला लिंक दिलेली, निम्म्यांनी साध्या पत्त्याला, आणि सर्च इंजिनच्या लक्षात आलं नाही की पान एकच आहे, तर वजन दोन्हीकडं विभागून जायचं. सर्चमध्येही कधी हा पत्ता दिसायचा कधी तो. गूगल स्वतःहून अशा जोड्या ओळखायचा प्रयत्न करत होतंच, पण तो शेवटी अंदाज, आणि अंदाज चुकला की साइटच्या मालकाच्या हातात फार काही नसायचं.

खरं तर उपाय तेव्हाही होता. ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्या एचटीटीपी १.० चा दस्तऐवज मे १९९६ मध्ये निघाला, त्यात ३०१ म्हणजे कायमचं स्थलांतर आणि ३०२ म्हणजे तात्पुरतं, दोन्ही रिडायरेक्ट (येणाऱ्याला दुसऱ्या पत्त्याकडं वळवायचे संकेत) दिलेले आहेत. पत्ता कायमचा बदलला हे सांगायची रीत म्हणजे गूगलपेक्षा जुनी. मग लोकांनी ती सरसकट का वापरली नाही? माझ्या मते कारण अगदी साधं आहे, शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेक साइट्स मिळून वापरत असलेल्या सर्व्हरवर, बसलेल्या माणसाला सर्व्हरच्या सेटिंगला हातच लावता यायचा नाही, आणि ज्यांना लावता यायचा त्यातल्या बऱ्याच जणांच्या हातून ३०१ ऐवजी ३०२ जायचा, कारण कित्येक प्रोग्रामिंग भाषांमध्ये रिडायरेक्ट म्हटलं की काही वेगळं न सांगता ३०२ च जातो. आणि ३०२ चा अर्थ सर्च इंजिन असा घेणार की स्थलांतर तात्पुरतं आहे, तर जुनाच पत्ता धरून ठेवू. याचाच गैरफायदा घेऊन २००४-०५ च्या आसपास दुसऱ्याच्या पानाकडं ३०२ लावून सर्चमध्ये त्या पानाच्या जागी स्वतःचा पत्ता घुसवायचे प्रकार झाले, त्याला ३०२ हायजॅकिंग म्हणायचे. मजकूर एकाचा, पत्ता दुसऱ्याचा. तेव्हा मुख्य पत्ता कोणता हे ठरवणं सर्च इंजिनांसाठीही डोकेदुखीच होती.

या सगळ्यात ऑगस्ट २००६ उजाडला. आदल्या वर्षी जूनमध्ये गूगलने ‘गूगल साइटमॅप्स’ नावाची सोय काढली होती, तिचं नाव बदलून वेबमास्टर टूल्स (म्हणजेच आताचं सर्च कन्सोल) केलं आणि त्यातच प्रिफर्ड डोमेनचा पर्याय आणला. तीनच ऑप्शन्स: डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट दाखवा, त्याशिवाय दाखवा, किंवा काहीच ठरवू नका. निवड करायच्या आधी दोन्ही नावं तुमचीच आहेत हे व्हेरिफाय करून द्यावं लागायचं, नाहीतर कुणीही कुणाचाही पत्ता फिरवला असता. सर्व्हरला हात न लावता काम होत होतं म्हणून लोकांना ते आवडलं, आणि तेव्हाच्या परिस्थितीत ते बरोबरही होतं असं मला वाटतं.

पण ते होतं ठिगळच. सांगितलेलं फक्त गूगलला कळायचं. याहूला काही पत्ता नाही, मायक्रोसॉफ्टला नाही, आणि साइटवर येणारा माणूस तर दोन्ही पत्त्यांवर पूर्वीसारखाच फिरत राहायचा, दोन्हीकडच्या लिंक्स पुढं शेअर करत राहायचा, म्हणजे मुळातला गोंधळ वाढतच जायचा. रशियातल्या यांडेक्स या सर्च इंजिनने याच कामासाठी वेगळी रीत काढलेली, रोबॉट्स फाइलमध्ये, म्हणजे क्रॉलरना (पानं वाचत फिरणाऱ्या सर्च इंजिनच्या प्रोग्राम्सना) सूचना देणाऱ्या फाइलमध्ये, ‘होस्ट’ नावाची एक ओळ टाकायची आणि तिथं मुख्य आरसा, म्हणजे एकाच साइटच्या पत्त्यांपैकी मुख्य पत्ता, कोणता ते लिहायचं. ती ओळ गूगल वाचत नव्हतं.

ही फाटाफूट कमी झाली १२ फेब्रुवारी २००९ ला. गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट या तिघांनी मिळून कॅनॉनिकल टॅग जाहीर केला. एकमेकांचे कट्टर स्पर्धक एका टॅगवर एकत्र आले यावरूनच कळतं की डुप्लिकेट पत्त्यांनी सगळ्यांनाच किती पिडलं होतं. पानाच्या कोडच्या वरच्या भागात, म्हणजे हेडमध्ये, एक ओळ टाकायची, ‘या पानाचा खरा पत्ता हा’, आणि ती तिघंही वाचणार. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूच नाही, शेपट्या लागलेले पत्ते, प्रिंटची पानं, सगळं त्यात बसलं. सुरुवातीला तो एकाच डोमेनपुरता होता, त्याच वर्षी डिसेंबरात गूगलने दुसऱ्या डोमेनकडं बोट दाखवायलाही परवानगी दिली. २०१२ मध्ये आरएफसी ६५९६ म्हणून (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक रीतींचे क्रमांकित दस्तऐवज) त्याचा रीतसर दस्तऐवजही आला. मात्र गूगलने पहिल्यापासून एक गोष्ट स्पष्ट ठेवली होती, हा टॅग म्हणजे इशारा आहे, आदेश नव्हे. बाकीच्या खुणा उलट्या दिसल्या तर ते तुमचा टॅग बाजूला ठेवून दुसराच पत्ता निवडणार. पुढं जे झालं त्याचं बीज इथंच आहे.

मग एचटीटीपीएस, म्हणजे एचटीटीपीचं सुरक्षित रूप, आलं, म्हणजे होतं आधीपासून, पण ऑगस्ट २०१४ मध्ये गूगलने त्याला रँकिंगमध्ये हलकासा भाव दिला, २०१५ च्या शेवटी त्यासाठी लागणारी सर्टिफिकेट्स लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून सगळ्यांना फुकट मिळायला लागली आणि जुलै २०१८ मध्ये क्रोम ६८ ने साध्या एचटीटीपी साइट्सवर ‘नॉट सिक्युअर’चा शिक्का मारायला सुरुवात केली. आता दोनाचे चार पत्ते झाले, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसकट आणि त्याशिवाय, दोन्ही एचटीटीपीवर आणि एचटीटीपीएसवर. प्रिफर्ड डोमेनला यातल्या एचटीटीपी-एचटीटीपीएसच्या फरकाशी काही देणंघेणंच नव्हतं, त्याला फक्त डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू आहे की नाही इतकंच कळायचं. पण या लाटेचा एक फायदा झाला, एचटीटीपीएसवर जायचं म्हणून लोकांनी मुकाट्यानं रिडायरेक्ट शिकून घेतले, होस्टिंगवाल्यांनी पॅनेलमध्ये त्याचं बटण दिलं, आणि ज्या अडचणीपोटी २००६ मध्ये ते सेटिंग आलं होतं ती अडचणच बरीचशी संपली.

यांडेक्सने मार्च २०१८ मध्ये ‘होस्ट’ची ओळ सोडून दिली आणि सरळ ३०१ लावायला सांगितलं. सव्वा वर्षानं गूगलने तेच केलं. नव्या सर्च कन्सोलमध्ये प्रिफर्ड डोमेन आणलंच नाही, वर हेही सांगितलं की आधी कुणी निवडून ठेवलेलं असेल तर तेही इथून पुढं धरलं जाणार नाही. त्याऐवजी चार मार्ग दिले, पानातला कॅनॉनिकल टॅग, पीडीएफसारख्या फाइल्ससाठी एचटीटीपी हेडरमधून (फाइलसोबत सर्व्हर पाठवतो त्या माहितीतून) तोच कॅनॉनिकल, साइटमॅप म्हणजे साइटच्या पत्त्यांची यादी, आणि ३०१. ज्यांनी सगळा भार त्या एका सेटिंगवर टाकला होता त्यांचं सेटिंग त्या दिवशी गुपचूप निकामी झालं, बाकीच्यांना फरकही जाणवला नसेल.

यातून कुणी म्हणेल की मग डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू बरं की त्याशिवाय? सर्चच्या दृष्टीनं काही फरक नाही, एक धरा आणि त्याला चिकटून राहा. २००३ पासून डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू हटवायची एक मोहीमसुद्धा चालली होती. तांत्रिक फरक आहेत ते वेगळ्या कारणांचे, उदाहरणार्थ मूळ डोमेनवर सीनेम रेकॉर्ड (एक नाव दुसऱ्या नावाकडं वळवणारी डीएनएसमधली नोंद) लावता येत नाही म्हणून मोठ्या साइट्सना डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू सोयीचं पडतं.

आता ज्याला पत्ता बदलायचाय तो बरेचदा सर्च कन्सोलमधल्या ‘चेंज ऑफ ॲड्रेस’कडं जातो, ते जून २००९ पासूनचं टूल आहे, पण ते एका डोमेनवरून दुसऱ्या डोमेनवर जाण्यासाठी, डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू काढण्या-लावण्यासाठी नाहीच. इथं ३०१ च लावायचा, प्रत्येक पानाचा त्याच्या जोडीच्या पानाकडं, सगळ्यांचा होमपेजवर नव्हे, आणि किमान वर्षभर तरी काढायचा नाही. जुन्या नावाचं सर्टिफिकेटही चालू ठेवावं लागतं, कारण ब्राउझर आधी सर्टिफिकेट तपासतो आणि मग रिडायरेक्टपर्यंत पोचतो. गूगलने शेवटी कोणता पत्ता धरला ते सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये दिसतं, तिथं तुम्ही सांगितलेला कॅनॉनिकल आणि गूगलने निवडलेला कॅनॉनिकल अशा दोन वेगळ्या ओळी आहेत. जुळत नसतील तर आतल्या लिंक्स किंवा साइटमॅप अजून जुन्याच पत्त्याचे आहेत का ते आधी बघा.

जुना पत्ता रोबॉट्स फाइलमधून ब्लॉक करू नका, क्रॉलर आत आलाच नाही तर त्याला रिडायरेक्ट दिसणार कसा? आणि जुना पत्ता लवकर नाहीसा व्हावा म्हणून सर्च कन्सोलमधलं ‘रिमूव्हल्स’ टूल तर मुळीच वापरू नका, ते डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेला-नसलेला, एचटीटीपी आणि एचटीटीपीएस सगळे एकच धरतं, म्हणजे जुन्यासोबत नवा पत्ताही साधारण सहा महिने सर्चमधून गायब.