डबा घुमत नाही, समीकरण अडखळतं

सोलापुरात प्रोजेक्टच्या दिवसांत, धातूच्या बंद डब्यावरून रेडिओ लहर कशी विखुरते हे मुलं संगणकावर काढत असताना, एक वाक्य हमखास कानावर येतं: "सर, २.१२ गिगाहर्ट्‌झला उत्तर बिघडतंय, म्हणजे डबा रेझोनन्सला आला. जाळी बारीक करू का?" जाळी म्हणजे आकडेमोडीसाठी पृष्ठभागाचे पाडलेले छोटे तुकडे; रेझोनन्स म्हणजे डबा घुमणं. वर्षानुवर्षं फिरणारा समज आहे हा. चुकीचा.

शेंगा चटणीचा चौकोनी पत्र्याचा डबा घ्या, झाकण घट्ट, प्रत्येक कड १० सेंटीमीटर. बाहेरून लहर आदळली की पत्र्यावर प्रवाह वाहतो आणि तो लहर विखुरतो. आत काहीच पोहोचत नाही. बाहेरच्या प्रश्नाला प्रत्येक वारंवारतेला उत्तर एकच असतं, आणि ते गणिताने सिद्ध आहे.

मग बिघडतं काय? आपण मांडलेलं समीकरण. पत्र्यावरचा प्रवाह ज्यातून काढतात ते विद्युतक्षेत्राचं संकलन समीकरण (इंटिग्रल इक्वेशन) फक्त पृष्ठभागावरची अट पाहतं. पृष्ठभागाला आत-बाहेर कळत नाही. डब्याच्या पोकळीची पहिली स्वाभाविक वारंवारता सुमारे २.१२ गिगाहर्ट्‌झ. नेमक्या तिथे एक भलताच प्रवाह समीकरणात बसतो. गंमत म्हणजे तो बाहेर काहीच उत्सर्जित करत नाही, पण आकडेमोडीत मॅट्रिक्सची पार वाट लावतो. चुंबकीय क्षेत्राचं समीकरणही तिथेच अडतं. वर त्याचा भलता प्रवाह बाहेरचं उत्तरही नासवतो.

जाळी बारीक करणं म्हणजे माग चुकीचा लागलेला असताना चादरीत धागे वाढवणं. दोन्ही समीकरणं योग्य प्रमाणात एकत्र करा, भलता प्रवाह उरतच नाही. माउट्झ आणि हॅरिंग्टन या संशोधकांनी हे १९७८मध्येच दाखवलंय. उघड्या पत्र्याला मात्र हा उपाय लागू नाही. तिथे आत-बाहेरच नसतं.