सुतक

जवळच्या सगोत्राच्या मृत्यूनंतर घरच्यांनी व भावकीने पाळावयाचा अशौचाचा, म्हणजे धार्मिक अशुद्धतेचा, ठरावीक दिवसांचा काळ. धर्मशास्त्रात यास मृताशौच किंवा शावाशौच म्हणतात.

संस्कृतमधील ‘सूतक’ हा शब्द ‘सू’ (प्रसवणे) या धातूपासून आलेला असून मुळात तो जन्माच्या अशौचाचा वाचक आहे. मृत्यूच्या अशौचाला स्मृतिवचनांत (जुन्या धर्मशास्त्रग्रंथांतील वचनांत) ‘मृतक’ म्हटलेले आढळते. ‘सूतके मृतके तथा’ अशी जोडीही येते. पुढे सूतक दोहोंसाठी वापरात आले. मराठीत ते मृत्यूशी निगडित झाले आणि जन्मासाठी ‘सोयर’ हा शब्द राहिला. सोयरचा संबंध काही जण ‘सोयरा’शी लावतात, परंतु हिंदीतील ‘सौरी’ (बाळंतिणीची खोली) हा शब्द पाहता ‘सूतिकागृह’ हे मूळ अधिक सयुक्तिक वाटते. ‘सोयरसुतक नसणे’ या वाक्प्रचारात दोन्ही शब्द एकत्र टिकून आहेत : ज्याच्या जन्ममरणाने आपल्याला काही लागत नाही, तो परका.

मनुस्मृतीत (5.83) वर्णांनुसार दहा, बारा, पंधरा दिवस व एक महिना अशा मुदती आहेत. मिताक्षरेत (याज्ञवल्क्यस्मृतीवरील टीकेत) उद्धृत केलेल्या अंगिरस या स्मृतिकाराच्या वचनात मात्र सर्व वर्णांना दहाच दिवस सांगितले असून महाराष्ट्रातील रूढी त्याला जवळची आहे. हे अशौच ज्यांना लागते त्यांचे सपिंड नाते, म्हणजे एकाच मूळपुरुषाच्या वंशातील जवळचे नाते, सातव्या पुरुषापाशी (पिढीपाशी) संपते.

शोकाच्या दृष्टीने महत्त्वाचा भाग याज्ञवल्क्यस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायाच्या आरंभी येतो. या स्मृतीचा काळ सामान्यतः इ. स. च्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांत धरतात. काही अभ्यासक तो चौथ्या-पाचव्या शतकापर्यंत खाली आणतात. मृताला जलांजली (ओंजळीने पाणी) देऊन पाण्यातून वर आलेले आप्त कोवळ्या हिरवळीवर बसले असता वडीलधाऱ्यांनी जुन्या कथा सांगून त्यांचे सांत्वन करावे, असे तेथे म्हटले आहे. घरात शिरण्यापूर्वी दाराशी कडुनिंबाची पाने चावावीत, विकत घेतलेले किंवा कोणी दिलेले अन्न खावे, जमिनीवर वेगवेगळे निजावे, हे नियमही तेथेच आहेत. पारस्कर गृह्यसूत्र या घरगुती संस्कारांवरील जुन्या ग्रंथातही यांतील काही नियम आढळत असल्याने हा आचार स्मृतीहून जुना असावा. आप्तांचे अश्रू मृताला नाइलाजाने प्यावे लागतात, म्हणून रडू नये, असेही स्मृती सांगते. लोकाचाराने हे मानलेले नाही. दुःखाने गोठून गेलेल्या बाईला जवळ घेऊन ‘रड, मोकळी हो’ असेच शेजारणी सांगतात, आणि माणूस जाणणारा सल्ला हाच होय.

‘दिलेले अन्न’ या नियमाचे मराठी रूप म्हणजे शेजारघरून येणारा पिठलंभात. मृत्यूच्या दिवशी घरची चूल पेटत नाही. झाकण लावलेले पातेले घेऊन कोणीतरी मागल्या दाराने येते, पाने मांडते आणि ‘दोन घास खाऊन घ्या’ म्हणत समोर बसून राहते. पिठल्याला फोडणी, डाळीचे पीठ आणि पाणी एवढेच लागते. ऐन वेळी दहा-पंधरा माणसांचे ते सहज होते. घासच उतरत नाही अशा माणसाला मऊ भातावर ते कालवून देता येते.

दहाव्याचा पिंड व काकस्पर्श यांनी सुतकाचा मुख्य भाग संपतो. वीरशैव या शिवभक्त पंथात जननसूतक व प्रेतसूतक यांसह पाच सूतके अमान्य आहेत. शहरांत मुदत आखडली आहे. अनेक घरांत तीन दिवस पाळतात. तेराव्याला गोडाचे जेवण होते, सोयरे टॉवेल-टोपी व लुगड्याचा दुखवटा देतात आणि घरातली माणसे कामाला लागतात.