दर चार दिवसांनी सिंहस्थ

दूरच्या ताऱ्याभोवती नवा ग्रह सापडल्याची बातमी आली की सोबत एक रंगीत चित्र असतंच. पट्ट्यापट्ट्यांचा गोळा, मागे रसरसलेला तारा. दुपारपर्यंत ते ‘दुर्बिणीतून काढलेला फोटो’ म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागतं. फोटो कसला, ते चित्रकाराचं काम! असे बहुतेक ग्रह कुणी पाहिलेलेच नाहीत. आणि न पाहता ते सापडतात कसे, हीच तर खरी मजा आहे.

मंगळागौरीला आई पाच वर्षांच्या लेकीशी फुगडी घालते तेव्हा लेक मोठं वर्तुळ घेत गरगरते, आई जागच्या जागी झुलते. पण झुलते नक्की. दिवे गेले, लेक दिसेनाशी झाली आणि आईच्या नथीचा खडा तेवढा चमकत राहिला, तरी तो पुढेमागे होताना पाहून आपण म्हणू, हिच्या हातात कुणीतरी आहे. तारा म्हणजे ती आई.

गुरू सूर्याभोवती फिरताना सूर्यालाही सेकंदाला सुमारे १२.५ मीटर वेगाने झुलवतो. म्हणजे ताशी ४५ किलोमीटर, घाटातल्या एसटीइतका वेग. पण एक हेलकावा पुरा व्हायला जवळजवळ १२ वर्षं लागतात. नाशिककरांना हा हिशेब सांगायला नको, गुरू सिंह राशीत परतला की सिंहस्थ येतो. तेव्हा दुसरीकडचा गुरू शोधायचा तर दशकभर बसून राहावं लागणार, असंच सगळे धरून चालले होते.

जिनिव्हा वेधशाळेचे मिशेल मायोर आणि त्यांचा पीएचडीचा विद्यार्थी दिदिए केलोझ १९९४पासून दक्षिण फ्रान्समधल्या ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत ‘एलोदी’ नावाचा वर्णपटमापक, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांच्या पट्ट्यात (वर्णपटात) फोडून मोजणारं यंत्र, वापरत होते. ताऱ्याच्या वर्णपटात काळ्या रेषा असतात. तारा आपल्याकडे आला की त्या निळ्या बाजूला सरकतात, लांब गेला की तांबड्या. हा शाळेतला डॉप्लर परिणाम. पण सरकतात किती? त्यांना पुढे जो तारा सापडला त्याचा झुलण्याचा वेग सेकंदाला ५६ मीटर, म्हणजे प्रकाशाच्या वेगाचा साधारण ५३ लाखावा भाग. कॅमेऱ्यावर हे सरकणं एका पिक्सेलच्या काही शतांशाएवढं भरतं. एकटी रेषा बघून काहीच कळत नाही. म्हणून हजारो रेषा एकदम घेतात. रेषा जिथे असायला हव्यात तिथे फटी ठेवलेला एक साचा करायचा, गणिताने तो वर्णपटावरून सरकवत न्यायचा आणि सगळ्यात चपखल कुठे बसतो ते बघायचं. हजार रेषांच्या चुका एकमेकींना खातात. उपकरण स्वतःच हललं तर? म्हणून दुसऱ्या प्रकाशतंतूतून थोरियमच्या दिव्याचा प्रकाश त्याच वेळी त्याच कॅमेऱ्यावर सोडायचा. त्याच्या रेषा हलल्या तर दोष यंत्राचा. शिवाय आपली पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटरने धावते आहे, म्हणजे शोधायच्या वेगाच्या पाचशेपट! तेही वजा करायचं. मला ही वजाबाकी ग्रहापेक्षा सुंदर वाटते.

५१ पेगासी या सुमारे ५० प्रकाशवर्षं दूरच्या ताऱ्याचा हेलकावा निघाला ४.२३ दिवसांचा. केलोझला आधी वाटलं, यंत्रच बिघडलंय. मायोर तेव्हा हवाईत होते. वसंतात तारा सूर्याआड गेला. जुलै १९९५मध्ये तो पुन्हा दिसू लागला, तेव्हा भाकितानुसारच झुलत होता. ऑक्टोबरमध्ये फ्लोरेन्सला घोषणा झाली. गुरूच्या निम्म्या वस्तुमानाचा ग्रह आपल्या ताऱ्यापासून ८० लाख किलोमीटरच्याही आत! आपला बुधसुद्धा सूर्यापासून ५ कोटी ८० लाखांवर आहे. २०१९मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

आता थोडी डोकेफोड. फुगडी बाजूने पाहिली तरच आई आपल्याकडे येते-जाते. माडीवरून पाहिली तर ती येतही नाही, जातही नाही. कक्षा किती कललेली ते ठाऊक नसतं, म्हणून मोजलेलं वस्तुमान हे ‘किमान’ असतं, खरं वस्तुमान गुणिले कोनाची ज्या (साइन). शंकेखोरांनी नेमकं यावरच बोट ठेवलं: कक्षा फार कललेली असेल तर हा ग्रह नसून कितीतरी जड काहीतरी असेल. शिवाय ताराच धडधडत असेल, असंही काही जण म्हणाले. १९९९मध्ये एचडी २०९४५८ या दुसऱ्या ताऱ्यासमोरून असाच ग्रह जाताना प्रकाश सुमारे दीड टक्क्याने उतरला. समोरून जातो म्हणजे कक्षा बाजूनेच दिसते, तिथे कोनाचा प्रश्न मिटला आणि ‘तप्त गुरू’, म्हणजे ताऱ्याला खेटून फिरणारे गुरूसारखे ग्रह, खरेच असतात हे बहुतेकांनी मान्य केलं.

पण म्हणून विश्व तप्त गुरूंनी भरलंय असं नाही. सूर्यासारख्या शंभर ताऱ्यांत असा ग्रह जेमतेम एखादा. तो जड आणि जवळ, म्हणून आधी सापडला इतकंच. पृथ्वी सूर्याला सेकंदाला ९ सेंटीमीटरने झुलवते, रांगतं बाळ त्याहून जोरात जातं.

आपल्याकडे लग्न ठरवताना अजून गुरुबळ पाहतात. गुरूचं खरं बळ वर दिलंय, सेकंदाला १२.५ मीटर, तेही सूर्यावर. तो पुण्यातल्या कुणाचं लग्न अडवत बसला असेल असं मला वाटत नाही.

हेच झुलणं भारतातही मोजतात. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेचा ‘पारस’ हा वर्णपटमापक माउंट अबूला १.२ मीटरच्या दुर्बिणीवर बसवलेला आहे. २०२१मध्ये टीओआय-१७८९ या ताऱ्याभोवतीच्या ग्रहाचं वस्तुमान त्याने काढलं, गुरूच्या सुमारे ७० टक्के. त्याचं वर्ष सव्वातीन दिवसांचंही नाही. वेधशाळा आहे गुरुशिखरावर, पण शिखराच्या नावातला गुरू वेगळा. तिथे देऊळ दत्ताचं आहे.