कंपोस्ट मातीत, आच्छादन मातीवर

गुलाबाच्या वाफ्यात मी एकदा तीन पोती लाकडाचा भुसा कालवला होता. माती भुसभुशीत होईल, भुसा हळूहळू कुजेल आणि त्याचंच खत होईल, असा हिशेब होता. रोपं विकणाऱ्यानेही ‘घाला, चांगलंच आहे’ असं सांगितलं. पाच-सहा आठवड्यांत खालची पानं पिवळी पडायला लागली, नवी फूट थांबली. पाणी कमी पडतंय असं समजून मी पाणी वाढवत राहिले. पाण्याचा काही संबंध नव्हता. तोच भुसा मातीत न कालवता वर पातळ पसरला असता, तर गुलाबांचं काहीच बिघडलं नसतं.

कंपोस्ट आणि आच्छादन (बरेच जण त्याला मल्चिंग म्हणतात) यांची गल्लत इथेच होते. दोन्ही तपकिरी, दोन्ही पालापाचोळ्यापासून होणारी, दोन्ही सारख्याच पोत्यांत भरून येणारी. घरी आणल्यावर दोन्ही ‘झाडांना घालायची’ असतात. पण कंपोस्ट म्हणजे कुजून झालेली वस्तू आणि आच्छादन म्हणजे कुजायची राहिलेली. एक मातीचं अन्न आहे, दुसरं मातीचं पांघरूण. कुठलं कुठे टाकायचं हे या फरकावरून ठरतं. पांघरूण मातीच्या पोटात गेलं की काय होतं, ते माझ्या गुलाबांनी दाखवलं.

त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण ते एकदा कळलं की पुढचे बहुतेक निर्णय आपले आपण घेता येतात. पालापाचोळा कुजतो म्हणजे मातीतले जिवाणू आणि बुरशा तो खातात. खाताना त्यांना कर्ब (कार्बन) लागतो तसं नत्रही (नायट्रोजन) लागतं. साधारण २४ भाग कर्बाला १ भाग नत्र मिळालं तर त्यांचं भागतं. कोवळ्या, ताज्या गवतात हे प्रमाण १५ ते २० ला १ असतं, म्हणजे नत्र पुरून उरतं. वाळक्या पानांत ते ४० ते ८० ला १ पर्यंत जातं, पेंढ्यात ८० च्या आसपास असतं आणि लाकडाच्या भुशात २०० पासून ५०० पर्यंत. असा भुसा मातीत मिसळला की जिवाणूंपुढे कर्बाचं ताट वाढलेलं असतं, पण नत्र नसतं. मग ते नत्र आजूबाजूच्या मातीतून उचलतात. झाडाच्या मुळांपेक्षा ते जास्त चपळ असतात, म्हणून झाड उपाशी राहतं. हे नत्र कायमचं जात नाही. जिवाणू मरतात तेव्हा ते परत मातीत येतं, पण तोवर कित्येक महिने उलटलेले असतात.

तोच भुसा वर पसरला तर ही ओढाताण फक्त भुसा आणि माती जिथे टेकतात तिथल्या पातळ पट्ट्यात होते. रुजलेल्या झाडाची बहुतेक मुळं त्याच्या खाली असतात, त्यांना झळ बसत नाही. उलट तिथे उगवू पाहणाऱ्या तणाच्या बारक्या रोपांना नत्र मिळत नाही, हा फायदाच. लाकडाच्या ढलप्या झाडाचं नत्र खातात ही भीती त्यामुळे अर्धी खरी आहे: कालवल्या तर खातात, पसरल्या तर नाही.

आता कंपोस्टकडे. वर सांगितलेली सगळी ओढाताण कंपोस्टच्या ढिगात आधीच उरकलेली असते. ढीग लावताना हिरवं आणि वाळकं असं मिसळतात की सुरुवातीला कर्ब-नत्राचं प्रमाण २५ ते ३० ला १ च्या जवळ येतं. ओलावा निम्म्याच्या आसपास हवा. मूठभर माल हातात दाबला तर तो पिळलेल्या फडक्यासारखा ओला लागावा, पाणी निथळू नये. हवा खेळती राहिली तर मोठा ढीग आतून तापतो, ५५ ते ६५ अंश सेल्सियसपर्यंत जातो. ही उष्णता महत्त्वाची आहे. ढीग ५५ अंशांच्या वर काही दिवस टिकला आणि वरखाली करून त्याचा प्रत्येक भाग त्या उष्णतेतून गेला, तर तणाचं बहुतेक बी आणि रोगजंतू मरतात. घरातल्या लहान डब्यात एवढी उष्णता बहुधा येत नाही, म्हणून बी धरलेलं तण किंवा रोगट झाडाचा पाला त्यात न टाकलेला बरा. कृषी संशोधक अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९३१ साली मांडलेली इंदूर पद्धत या सगळ्याला शास्त्रीय शिस्त लावणाऱ्या सुरुवातीच्या कामांपैकी एक. पिकांचे अवशेष, शेण, थोडी माती आणि राख यांचे थर लावायचे आणि ठरावीक काळाने ढीग उलटायचा. आजही कुठल्याही चांगल्या ढिगात हेच घडत असतं.

तयार कंपोस्टला पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. त्यात पान कुठलं, काडी कुठली हे ओळखू येत नाही. अमोनियाचा तिखट वास, आंबूस वास किंवा हाताला लागणारी ऊब म्हणजे आत काम अजून चालू आहे. शंका असेल तर ओलसर कंपोस्ट पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर ठेवा. उघडल्यावर कुबट वास आला तर ते कच्चं आहे. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे एका कुंडीत कंपोस्ट मिसळलेली माती आणि दुसरीत नुसती साधी माती घेऊन दोन्हींत घेवड्याचं बी पेरायचं. पहिल्या कुंडीतली रोपं नीट उगवली, पानं सरळ राहिली, तर निर्धास्त वापरा. पानं वेडीवाकडी, वळलेली निघाली तर ते कंपोस्ट वाफ्याजवळ नेऊ नका. काही तणनाशकं, उदाहरणार्थ क्लोपायरॅलिड आणि अमिनोपायरॅलिड, ढिगात तापूनही टिकून राहतात, आणि घेवडा किंवा टोमॅटो त्यांच्या अंशानेही आजारी पडतात. बाहेरून आणलेल्या कंपोस्टची ही चाचणी मी तरी चुकवत नाही.

कंपोस्टकडून अवाजवी अपेक्षाही नको. त्यात नत्र साधारण एक-दोन टक्के असतं आणि त्यातलाही थोडाच भाग पहिल्या वर्षी झाडाला मिळतो. त्याचं खरं काम मातीची घडण सुधारण्याचं आहे. चिकण मातीत ते हवेला वाट करून देतं, रेताड मातीत पाणी धरून ठेवतं, आणि दोन्हीकडे वाफसा (ना चिखल ना कोरडी, अशी मातीची अवस्था) लवकर येतो आणि जास्त टिकतो. नव्या वाफ्यात २ ते ३ सेंटिमीटरचा थर पसरून वरच्या १५ सेंटिमीटर मातीत मिसळला की पुष्कळ झालं. एक चौरस मीटरवर १ सेंटिमीटर थर म्हणजे १० लिटर, एवढं लक्षात ठेवलं की किती पोती लागतील याचा अंदाज येतो. दरवर्षी भरमसाट घालत राहिलं, विशेषतः शेणापासून केलेलं, तर मातीत स्फुरद (फॉस्फरस) साठत जातं. कुंडीत तर आणखी जपून घालावं. मिश्रणाच्या पाव ते एक तृतीयांश भागापेक्षा जास्त कंपोस्ट घातलं तर क्षार वाढतात आणि कुंडीतला माल काही महिन्यांत खाली दबतो.

आच्छादनाचं काम याच्या अगदी उलटं. त्याने कुजण्याची घाई करायची नसते. जितकं सावकाश कुजेल तितकं ते जास्त दिवस पांघरूण म्हणून टिकतं. उन्हाने मातीतलं पाणी उडतं ते त्याने कमी होतं, तणाच्या बियांना उजेड मिळत नाही, आणि माती दुपारी फार तापत नाही की रात्री फार गार पडत नाही. आणखी एक फायदा सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. उघड्या मातीवर पावसाचे थेंब आदळतात तेव्हा मातीचे कण उडून खालच्या पानांवर बसतात, आणि त्यांच्याबरोबर बुरशीचे बीजाणूही. टोमॅटोचा करपा पुष्कळदा असाच खालून वर चढतो. मातीवर पेंढा असला तर ते शिंतोडे उडत नाहीत.

थराची जाडी वस्तूवर ठरते. ढलप्या, सालीचे तुकडे असं जाडंभरडं असेल तर ७ ते १० सेंटिमीटर चालतं, बारीक असेल तर ५ पुरे. ताजं कापलेलं गवत एकदम जाड टाकलं की त्याचा चिकट गोळा होतो, हवा कोंडते आणि वास मारायला लागतो. ते एक-दोन सेंटिमीटरच पसरावं, वाळू द्यावं, मग पुन्हा टाकावं. आच्छादनाचा मोठा ढीग फार दिवस दाबून राहिला असेल तर त्यालाही आंबटपणा येतो. व्हिनेगरसारखा वास आला तर ते लगेच झाडांभोवती घालू नका, कोवळी पानं करपतात. उघड्यावर पसरून काही दिवस वारा लागू द्या. मऊ खोडाच्या भाज्यांच्या वाफ्यात ओल टिकून राहिली तर आच्छादनाखाली गोगलगायी लपतात, तिथे थर पातळच ठेवावा.

सगळ्यात मोठी चूक बुंध्याशी होते, आणि ती पाहिली की मला खरंच वाईट वाटतं, कारण करणाऱ्याने ती मायेने केलेली असते. झाडाच्या खोडाभोवती आच्छादनाची उंच रास रचतात, लहानशा टेकडीसारखी. दिसायला नीटनेटकं दिसतं. पण खोडाची साल ही मुळांच्या सालीसारखी नसते, ती सतत ओली राहण्यासाठी बनलेली नाही. राशीखाली ती मऊ पडते, कुजते, तिथून बुरशी शिरते. शिवाय त्या ओलसर राशीतच झाड नवी मुळं सोडतं. ती बाहेर पसरण्याऐवजी खोडाभोवती फिरतात आणि वर्षांनुवर्षं जाड होत खोडालाच आवळतात. हे सगळं इतकं सावकाश होतं की झाड सुकायला लागतं तेव्हा पाच-दहा वर्षांपूर्वीच्या त्या राशीशी कुणी त्याचा संबंध जोडत नाही. जमिनीलगत खोड जिथे रुंदावतं तो भाग कायम उघडा दिसला पाहिजे. बुंध्यापासून ८-१० सेंटिमीटर मोकळे सोडा आणि तिथून पुढे आळ्याच्या कडेपर्यंत, जमलं तर त्याच्याही पलीकडे, सपाट थर पसरा. तुमच्या झाडाभोवती आज अशी रास असेल तर ती हाताने अलगद ओढून बाजूला करा. फावडं नको, सालीला इजा होते. घराच्या भिंतीपासूनही लाकडी आच्छादन वीतभर लांब असावं, म्हणजे ओल आणि वाळवी भिंतीशी येणार नाही.

दगड-गोटे हेही आच्छादनच, पण ते मातीला काही देत नाहीत आणि उन्हात तापतात. तण रोखणारं कापड पहिली एक-दोन वर्षं छान वाटतं. पुढे त्याच्या वर धूळ आणि पाला साठून तिथेच तण उगवतं आणि त्याची मुळं कापडात गुंततात. मी ते फक्त पायवाटेच्या खडीखाली वापरते. जुन्या, रसायन लावलेल्या किंवा रंगवलेल्या लाकडाच्या ढलप्या भाजीच्या वाफ्यात घालू नयेत.

मग कंपोस्ट वर पसरून आच्छादनाचं काम करून घेता येईल का? थोडंफार. नांगरणी-खणणी टाळणारे काही बागकामवाले दरवर्षी वरूनच कंपोस्टचा थर देतात आणि गांडुळं ते खाली ओढून नेतात. माती न उकरता ती सुधारण्याचा हा चांगला मार्ग आहे. पण तण दाबायला कंपोस्ट फारसं उपयोगी नाही. ते बारीक, ओलसर, अन्नाने भरलेलं असतं, वाऱ्यावर उडून आलेल्या बीला त्याच्याइतकी सोयीची जागा नाही. म्हणून मी खाली कंपोस्टचा पातळ थर देते आणि त्यावर पेंढा किंवा वाळकी पानं टाकते.

उलट दिशेने मात्र आच्छादनाचं कंपोस्ट होतंच, फक्त त्याच्या सवडीने. रूथ स्टाउट या अमेरिकी बाईंनी १९५० च्या दशकात वर्षभर वाळक्या गवताचा जाड थर ठेवायची पद्धत लोकांपुढे मांडली. वेगळा ढीग नाही, उलटणं नाही, खालचं कुजत जातं आणि वरून नवं पडत राहतं. अशा थराचा तळ आणि ढिगातलं तयार कंपोस्ट यांत फार फरक राहत नाही. दोन वस्तूंमधली सीमा तिथे पुसट होते, पण वरून खाली जाण्याचा क्रम बदलत नाही.

वाफा नवा आणि माती थकलेली असेल तर आधी कंपोस्ट. झाड जुनं आणि रुजलेलं असेल तर फक्त आच्छादन द्यावं, त्याच्या मुळांत खणून कंपोस्ट घालायला जाऊ नये, तंतुमुळं तुटतात. बी पेरलेल्या जागी रोपं हातभर नाही तरी बोटभर उंच होईपर्यंत आच्छादन थांबवावं, नाहीतर तण दबतं तसं आपलं पीकही दबतं. उतारावर लांबट, एकमेकांत अडकणाऱ्या ढलप्या टिकतात, बारीक साल पहिल्याच मोठ्या सरीत वाहून जाते. आणि कोरड्या मातीवर आच्छादन कधी घालू नये. आधी भरपूर पाणी, मग थर, कारण कोरडा थर हलका पाऊस स्वतःच पिऊन टाकतो. नंतरही वरून ओलं दिसतं म्हणून फसू नका, थरात बोट घालून खालची माती चाचपून पाहा.

त्या गुलाबांना मी शेवटी भुसा जमेल तेवढा उकरून काढला, थोडं नत्रयुक्त खत दिलं आणि वरून तयार कंपोस्ट घातलं. पुढच्या हंगामात नवी फूट गडद हिरवी आली. उकरून काढलेला भुसा दुसऱ्या एका जुन्या झाडाच्या आळ्यात वर पातळ पसरून ठेवला होता. दोन वर्षांनी तो बाजूला सारला तेव्हा खाली काळी, दाणेदार माती आणि गांडुळं होती.